भिंतीवरचा क्रौंच कुणाच्या वतीने बोलतो?

शंकेखोर : टोरांटो असो की मिनियापोलिस, ओजिब्वे चित्रकारांचं प्रदर्शन पाहताना मला एकच शंका छळते. भिंतीवर क्रौंच असतो, अस्वल असतं, जाड काळ्या रेषेत बांधलेला गरुड असतो. शेजारच्या पाटीवर 'पारंपरिक कुळचिन्ह' एवढंच लिहिलेलं असतं. पाहणारा मान डोलावतो, फोटो काढतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. आता हे कुळचिन्ह मुळात काय होतं ते बघा. ओजिब्वे माणसाला त्याचं 'डूडेम' बापाकडून मिळायचं. एका डूडेमच्या मुलामुलींचं आपसात लग्न होत नसे, मग त्यांची गावं शेकडो मैल लांब का असेनात. परमुलखात गेलेला माणूस आपल्या डूडेमचं घर शोधायचा आणि तिथे त्याला घरच्यासारखं ठेवून घेत. क्रौंच कुळाकडे बोलण्याचा आणि पुढारीपणाचा मान, अस्वल कुळाकडे राखणीचं काम, अशी वाटणी सांगतात. म्हणजे कोण कुणाचा आणि कुणी कुणासाठी काय करायचं, याचा तो हिशोब होता. तो कॅनव्हासवर आला, चौकटीत बसला, विकला गेला. त्यातलं काय उरलं? मला तर नक्षी उरलेली दिसते.

रसिक : तुम्ही धरून चालला आहात की हे चिन्ह पूर्वी घरातल्या घरात होतं आणि आता चव्हाट्यावर आलं. मराठी माणसाला तसं वाटणारच, कारण आपल्या मनात देवक असतं. मांडवात कळंबाची फांदी किंवा पंचपल्लव येतं, सारख्या देवकात सोयरीक जमत नाही, आणि कार्य उरकलं की देवकाचं नावही कुणी काढत नाही. एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या जातींची नोंद केली तेव्हा त्याने देवकाला 'टोटेम'च्या खात्यात टाकलं, आणि टोटेम हा शब्द इंग्रजीत गेला तो याच ओजिब्वेंकडून. पण साम्य तिथेच संपतं. देवक घरच्यांपुरतं असतं. डूडेम मात्र परक्यापुढे ठेवायची सहीसुद्धा होती. १७०१ साली माँत्रियलला फ्रेंच आणि तीस-चाळीस आदिवासी राष्ट्रांमध्ये मोठा तह झाला. त्या कागदावर अनेक प्रतिनिधींनी नावाच्या जागी आपला प्राणी किंवा पक्षी काढून दिला. गोऱ्यांच्या राज्यात पुढेही कितीतरी करारांवर अशाच सह्या झाल्या.

आणि १८४९ चा अर्ज तुम्ही विसरता कसे? सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठच्या ओजिब्वेंना आपली जमीन सोडून पश्चिमेला जावं लागण्याची धास्ती होती. ओश्काबेविस नावाच्या पुढाऱ्याबरोबर एक शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं. त्यांनी भूर्जपत्रावर चित्र काढून नेलं होतं. सगळ्यात पुढे क्रौंच, त्याच्यामागे तीन मार्टेन, म्हणजे तिकडच्या जंगलातला मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी, मग अस्वल, मग अर्धा माणूस अर्धा मासा, शेवटी कॅटफिश. प्रत्येकाच्या डोळ्यातून एक रेघ निघून क्रौंचाच्या डोळ्यात जाते, प्रत्येकाच्या काळजातून एक रेघ त्याच्या काळजात. क्रौंचाच्या डोळ्यातून आणखी एक रेघ मागे जाते ती जंगली तांदळाच्या छोट्या तळ्यांकडे, आणि एक पुढे जाते, ती राष्ट्राध्यक्षाच्या दिशेने. सगळ्यांची नजर एक, सगळ्यांचं मन एक, आणि मागणं त्या तळ्यांचं. हे चित्र परक्या माणसासाठी, त्याच्या राजधानीत दाखवायला काढलं होतं. आजचा चित्रकार न्यूयॉर्कच्या भिंतीवर क्रौंच काढतो तेव्हा तो फार वेगळं काय करतो?

शंकेखोर : फार वेगळं करतो. त्या अर्जात किती चिन्हं आहेत त्यापेक्षा ती काढण्याचा अधिकार कुणाला होता हे बघा. क्रौंच पुढे आहे कारण त्या कुळाचा माणूस बोलायला निघाला होता. मागच्या प्रत्येकाने आपलं काळीज त्याच्याशी जोडून दिलं होतं. मुखत्यारपत्रच ते. आणि तरी झालं काय? १८५० च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी त्यांना हलवण्याचा हुकूम काढला. त्या वर्षी सरकारने वार्षिक देणी वाटायची जागा मुद्दाम लांब, मिनेसोटातल्या सँडी लेकला नेली. हेतू असा की थंडीत लोक तिथेच अडकावेत. देणी वेळेवर आली नाहीत, अन्न सडकं निघालं, आजार पसरला. तिथे आणि परतीच्या वाटेवर मिळून सुमारे ४०० माणसं मेली. भूर्जपत्रावरच्या त्या रेघांनी हे थांबवलं नाही.

रसिक : नाही थांबवलं. पण त्या मृत्यूंनंतरही त्यांनी अर्ज-विनंत्या सोडल्या नाहीत. वयोवृद्ध चीफ बफेलो १८५२ मध्ये पुन्हा वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटले. १८५४ च्या ला पॉइंट करारात त्यांना तिथेच राखीव जमिनी मिळाल्या आणि सोडून दिलेल्या मुलखात शिकार-मासेमारीचा हक्कही राहिला. चित्राचा उपयोग लगेच होत नाही म्हणून ते नक्षी ठरत नाही. अधिकाराचा तुमचा मुद्दा मात्र मी खिशात ठेवते, तो पुन्हा काढावा लागणार आहे.

इथे ज्याच्यामुळे वाद आणखी चिघळतो ती स्थलांतराची कथा सांगायला हवी. अनिशिनाबे, म्हणजे ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी या भावकीचे लोक, सांगतात की त्यांचे पूर्वज पूर्वेला मोठ्या खाऱ्या पाण्याच्या काठी राहत. त्यांना भविष्य सांगितलं गेलं की पश्चिमेला निघा, नाहीतर नाश होईल; जिथे पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा. वाटेत एक पवित्र कवडी पाण्यातून वर येऊन वाट दाखवत राहिली. आजच्या माँत्रियलजवळचं कासवाच्या आकाराचं बेट, नायगरा, डेट्रॉइट नदी, मॅनिटूलिन बेट, सू सेंट मेरीचा धबधबा, डुलुथचं स्पिरिट बेट आणि शेवटी मॅडेलिन बेट, असे सात मुक्काम सांगतात. पाण्यावर उगवणारं अन्न म्हणजे मनूमिन, सरोवराकाठच्या उथळ पाण्यातला जंगली तांदूळ. भविष्याचं सातवं पर्व असं, की एक नवी पिढी मागे वळेल आणि वाटेत सुटून गेलेलं वेचत येईल. आजच्या ओजिब्वे चित्रकारांना अनेकदा हेच बिरुद लावलं जातं, कधी ते स्वतः लावून घेतात, कधी प्रदर्शनाची पुस्तिका लावते.

शंकेखोर : बिरुदापर्यंत जाण्याआधी कवडीपाशी थांबू. मिडेविविन या त्यांच्या धार्मिक मंडळाच्या विधीत कवडी असते. वॉल्टर हॉफमन यांनी १८९१ च्या अहवालात तिचं वर्णन केलं. त्यातली एक नेहमीची जात हिंदी महासागर आणि पॅसिफिकच्या उबदार पाण्यातली, आपल्याकडे चलनात असलेली, सारीपाटावरची तीच. अटलांटिकच्या त्या थंड किनाऱ्यावर ती होतच नाही. युरोपी व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर असल्या कवड्या तिकडे पोचल्या. मग 'समुद्रकाठी पूर्वजांना दिसलेली कवडी' चित्रात काढणारा कलावंत कुठल्या स्मृतीचं चित्र काढतो? आणि सात मुक्काम इतके नीट ओळीत कुठून आले? विल्यम वॉरनने १८५० च्या सुमारास लिहिलेल्या ओजिब्वेंच्या इतिहासात कवडी आहे, मुक्कामही आहेत, पण सध्याची सुटसुटीत यादी बहुतेकांना माहीत झाली ती एडवर्ड बेंटन-बनाई यांच्या १९७९ च्या 'द मिशोमिस बुक'मधून. पुस्तक अप्रतिम आहे, मुलांना शिकवण्यासाठी लिहिलेलं आहे. पण त्यानंतरची चित्रं प्राचीन परंपरेतून येतात की छापील पानातून?

रसिक : वॉरनला हाच प्रश्न पडला होता, तुमच्या आधी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं. त्याला एका म्हाताऱ्याने कवडीची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्याकडून तीच गोष्ट आली तेव्हा कवडीच्या जागी पाणमांजर होतं. वॉरन चक्रावला. त्याला समजावण्यात आलं की यात विसंगती नाही, दोन्हीतून मिडेविविन धर्माचाच प्रवास सांगितला आहे. म्हणजे ज्यांची गोष्ट होती ते तिला शब्दशः धरून बसले नव्हते. तिच्यात काय फिरवायचं आणि काय नाही हे त्यांना ठाऊक होतं. व्यापाऱ्याने आणलेल्या कवडीला त्यांनी जुन्या कवडीच्या जागी बसवलं असेल तर तो त्यांचा दोष कसा? चित्रकाराने अ‍ॅक्रिलिक वापरलं तर तुम्ही हरकत घेत नाही.

शंकेखोर : अ‍ॅक्रिलिक साधन आहे, कवडी दावा आहे. वॉरनचाच आणखी एक दाखला देतो. क्रौंच कुळाच्या प्रमुखाच्या घरात तांब्याचा एक पत्रा होता. त्यावर आठ खुणा कोरलेल्या, सुपीरियरकाठी मुक्काम झाल्यापासूनच्या आठ पिढ्यांच्या. तिसऱ्या पिढीशेजारी टोपी घातलेला माणूस, म्हणजे गोरे आले. वॉरनने एक पिढी चाळीस वर्षांची धरली आणि हिशोब थेट १४९० च्या आसपास नेऊन पोचवला. चाळीस वर्षं! इतकी लांब पिढी कुणी धरतं का? पण ते सोडा. तो पत्रा जमिनीत पुरून ठेवलेला असे, फार थोड्यांनी तो पाहिला. एवढ्या महत्त्वाच्या नोंदीला त्यांनी अंधारात ठेवलं, आणि आज त्याच्या पंगतीतली चिन्हं थंड दिव्यांखाली टांगली जातात. भूर्जपत्राच्या पवित्र गुंडाळ्यांची कथाही तीच. सेल्विन ड्यूडनी यांनी १९७५ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यातल्या कित्येक संग्रहालयांच्या कपाटात होत्या. रॉबर्ट हूल हे सोटो, म्हणजे पश्चिमेकडच्या ओजिब्वेंपैकी. कॅनडाच्या राष्ट्रीय मानववंश संग्रहालयात ते अभिरक्षक होते. तिथे पवित्र वस्तूंना जी वागणूक मिळत होती तिच्या निषेधात त्यांनी १९८० मध्ये राजीनामा दिला. एका चित्रकाराला नोकरी सोडावीशी वाटली, आणि आपण मात्र 'सगळं दाखवायचंच होतं' म्हणतो.

रसिक : मी 'सगळं' म्हटलं नाही. अर्जावरचा क्रौंच दाखवायचा होता, पत्र्यावरच्या खुणा नव्हत्या. त्यांच्यात दोन्ही होतं, आणि कुठलं कुठे हे त्यांना कळत होतं. हूल यांनी राजीनाम्यानंतर चित्रं काढणं थांबवलं नाही. ते मोठे चित्रकार झाले. त्यांनी वस्तू आणि वस्तूविषयी बोलणं यात रेघ ओढली. माझ्या मते आजच्या ओजिब्वे कलेचा खरा वाद त्याच रेघेवर चालू आहे. नॉर्व्हल मॉरिसो यांचंच बघा. त्यांचे आजोबा शामान होते. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी मॉरिसोंनी भूर्जसाल, कातडं, कागद, मिळेल त्यावर रंगवल्या. १९६२ मध्ये जॅक पोलॉक यांच्या टोरांटोतल्या दालनात प्रदर्शन लागलं आणि सगळी चित्रं विकली गेली. गावाकडच्या वडीलधाऱ्यांनी ठपका ठेवला की आतलं बाहेर आणलंस. मॉरिसो मागे हटले नाहीत. त्यांच्या चित्रात प्राण्याचं पोट पारदर्शक असतं, आतली हाडं-आतडी दिसतात, आणि एका देहातून दुसऱ्या देहाकडे रेघा जातात. १८४९ च्या अर्जातल्या डोळ्या-काळजाच्या रेघा आठवा.

शंकेखोर : आठवल्या, आणि त्या आठवून देणारे लोकही आठवले. मॉरिसोंच्या पहिल्या पुस्तकाचं, १९६५ च्या दंतकथासंग्रहाचं, संपादन केलं ड्यूडनी यांनी. सुपीरियरकाठच्या आगावा कड्यावरची जुनी चित्रं शोधून नोंदवणारेही ड्यूडनी, गुंडाळ्यांवर पुस्तक लिहिणारेही तेच. कड्यापासून कॅनव्हासपर्यंत जी सरळ रेघ आपण ओढतो तिची दोरी धरणारा हात बऱ्याचदा एकाच गोऱ्या अभ्यासकाचा आहे. मी त्यांच्यावर आळ घेत नाही, माणूस प्रामाणिक होता. पण सलगता सापडली किती आणि जुळवली किती, हे विचारायला हवं. आता दुसरी बाजू. २०२३ च्या मार्चमध्ये ओंटारिओच्या पोलिसांनी मॉरिसोंच्या नावाच्या बनावट चित्रांबद्दल आठ जणांवर आरोप ठेवले, हजाराच्या वर चित्रं जप्त झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एकाला पाच वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या टोळीची पद्धत ऐका : आधी पेन्सिलीने बाह्यरेषा काढायच्या, मग प्रत्येक कप्प्यात रंगाचं आद्याक्षर लिहायचं, आणि मजुराने नुसता रंग भरायचा. ती चित्रं वर्षानुवर्षं लिलावात, संग्रहात, भिंतींवर राहिली. तज्ज्ञ फसले. क्रौंच कुळाची सही त्या तहावर कुणी नक्कल केली असती तर दुसऱ्या दिवशी कुळातल्या कुणीही पकडली असती, कारण ती कुणी केली हे चारचौघांत माहीत होतं. मॉरिसोंची शैली नक्कल करता आली, कारण ती शैली होती.

इथे रसिक बाई जरा वेळ गप्प राहिल्या, आणि लेखकाला वाटतं की राहायलाच हवं होतं. बनावट नोटा निघतात म्हणून पैसा खोटा ठरत नाही, असलं गुळगुळीत उत्तर त्यांना देता आलं असतं. त्यांनी ते दिलं नाही.

रसिक : या मुद्द्यापुढे मला हटावं लागतं, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. बनावट चित्रांचा सुकाळ झाला कारण खरं चित्र ओळखण्याचं काम बाजारातल्या तज्ज्ञांकडे गेलं. मॉरिसोंनी हयातीतच अनेक चित्रं आपली नाहीत म्हणून सांगितलं होतं. २००५ मध्ये त्यांच्या कामाची यादी करायला एक संस्थाही निघाली. त्यांचं म्हणणं ऐकून घेणारे कमी पडले. कायद्याकडे बघा. मिनेसोटा चिपेवा (चिपेवा म्हणजे ओजिब्वेच) जमातीचे डेव्हिड ब्रॅडली सांता फेमध्ये राहून खोट्या 'इंडियन' कलावंतांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले. १९९० चा अमेरिकेचा कायदा अशाच भांडणांतून आला. आदिवासी नसताना आदिवासी माल म्हणून विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाही अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा चांगला. पण त्याला हवं असतं जमातीचं सभासदत्व किंवा जमातीने दिलेला दाखला. आणि ब्रॅडली यांच्या जमातीचं सभासदत्व १९६० च्या दशकापासून एक चतुर्थांश रक्ताच्या अटीवर चालतं. डूडेमला रक्ताचा अपूर्णांक माहीतच नव्हता. त्याला माहीत होतं बापाचं कूळ, आणि बाप बाहेरचा असेल तर काय करायचं याच्या तोडी. काही ठिकाणी अशा मुलांना गरुड कुळात घेत, काही ठिकाणी मार्टेन कुळात. वॉरनचा बाप गोरा व्यापारी होता. म्हणजे आपण ज्याच्या पुस्तकावर दहा मिनिटं भांडतो आहोत त्याला काटेकोर नियमाने बापाकडून डूडेमच नव्हतं!

शंकेखोर : हे माझ्याच बाजूचं झालं. नोंद ठेवणारा कुळाबाहेरचा, छापणारी मिनेसोटाची इतिहाससंस्था, तीही १८८५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी.

रसिक : नोंद ठेवणारा कुळाबाहेरचा, पण त्याची आई, आजी, मामे-मावशा सगळे आतले. नात्याला वळसा असतो, अपूर्णांकाला नसतो.

शंकेखोर : बरं, मग मला एक सांगा. स्थलांतराची चित्रं पाहताना पश्चिमेच्या टोकाला जे लोक आधीपासून होते ते कुठे असतात? मिनेसोटातलं मिल लॅक सरोवर आज ओजिब्वेंचं. त्याआधी ते डकोटांचं होतं, त्यांच्या एका शाखेचं नावच त्या पवित्र सरोवरावरून पडलं आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर ओजिब्वेंनी त्यांना तिथून हुसकावलं. वॉरनने ती लढाईही लिहिली आहे. 'भविष्य सांगितलं गेलं, कवडीने वाट दाखवली, आम्हाला आमची भूमी मिळाली' ही कथा डकोटा माणसाने ऐकली तर त्याला काय वाटेल? देवाने दिलेल्या भूमीची कथा जगात इतर ठिकाणीही आहे, आणि ती कधीच निरुपद्रवी नसते. शिवाय गोरे वकील हीच कथा उलटवतात : तुम्हीही बाहेरून आलात, आम्हीही बाहेरून आलो.

रसिक : वकिलांचं सोपं आहे. त्यांनी १८३७ च्या करारावरून खटला लढवला आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मिल लॅकच्या ओजिब्वेंचा शिकार-मासेमारीचा हक्क मान्य केला. हक्क करारातून येतो. कोण आधी आलं याचा तिथे प्रश्न नव्हता. डकोटांचं मात्र सोपं नाही. खूपशा चित्रांत ते नसतात, हे तुमचं खरं आहे. एक गोष्ट मात्र सांगते. १८७० च्या दशकात टेलफेदर वूमन नावाच्या डकोटा स्त्रीला दृष्टान्त झाला असं सांगतात, आणि त्यातून आलेला मोठा ढोल डकोटांनी ओजिब्वेंना दिला. तो विधी मिल लॅकलाही आहे. म्हणजे लढाईनंतर पुन्हा नातं जोडायची रीत तिथे आहे, आणि त्यात गोऱ्यांचा हात नाही. चित्रकारांनी ती पुरेशी काढली नाही असं म्हणा, मी हो म्हणेन.

आता मला प्राणी नसलेल्या चित्रांकडे जाऊ द्या. जॉर्ज मॉरिसन, जन्म १९१९, सुपीरियरकाठच्या चिपेवा सिटी नावाच्या ओजिब्वे वस्तीत. ते न्यूयॉर्कला गेले, अमूर्त चित्रकारांच्या पिढीत वावरले. १९६० च्या दशकात अटलांटिककाठच्या प्रॉव्हिन्सटाउनला वाळूवर वाहून आलेली लाकडं वेचून त्यांनी मोठी कोलाजं जुळवायला सुरुवात केली. त्यांत एक क्षितिजरेषा असते. १९७० मध्ये ते मिनेसोटात परतले, पुढे ग्रँड पोर्टेजला सरोवराकाठी घर-स्टुडिओ बांधला आणि क्षितिजाची लहान लहान चित्रं काढत राहिले. खाऱ्या पाण्यापासून गोड्या पाण्यापर्यंत, पूर्वेकडून पश्चिमेकडे! कुठेही क्रौंच नाही, कासव नाही. मला त्यात स्थलांतराची कथा दिसते.

शंकेखोर : तुम्हाला दिसते. मॉरिसन प्रॉव्हिन्सटाउनला गेले कारण न्यूयॉर्कचे निम्मे चित्रकार उन्हाळ्यात तिथे जात. लाकडं वेचली कारण ती किनाऱ्यावर पडलेली होती. स्वतःला 'इंडियन चित्रकार' म्हणवून घेण्याबद्दल ते आयुष्यभर जपून होते. २००४ मध्ये वॉशिंग्टनला आदिवासी संग्रहालय उघडलं तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनात शिल्पकार अ‍ॅलन हाउझरबरोबर त्यांना ठेवलं, तेव्हा हयात असते तर खूश झाले असते की वैतागले असते, कोण जाणे. क्षितिजाला कवडी चिकटवणं ही रसिकाची हौस आहे. ओजिब्वे चित्रकार कार्ल बीमने तर सरळ अमेरिकी चित्रकार रॉशेनबर्गसारखी छायाचित्रं आणि अक्षरं वापरली. 'द नॉर्थ अमेरिकन आइसबर्ग' हे त्यांचं १९८५ चं चित्र दुसऱ्याच वर्षी कॅनडाच्या राष्ट्रीय दालनाने समकालीन कला म्हणून विकत घेतलं. त्यांचाही मुद्दा तोच होता : आदिवासी म्हणजे जाड काळी रेघ, हे कुणी ठरवलं?

रसिक : ठीक, मॉरिसन सोडा; ती माझी हौस असेल. अँड्रिया कार्लसन घ्या. त्यांचं मूळ ग्रँड पोर्टेजचं. २०२१ मध्ये त्यांनी शिकागो नदीच्या काठी भलेमोठे फलक लावले : तुम्ही पोटावाटोमींच्या भूमीवर आहात. त्यावर ओजिब्वे कुळचिन्ह नाही, ओजिब्वे दावाच नाही. एका ओजिब्वे घराण्यातली चित्रकार परक्या शहराला सांगते की ही जमीन माझ्या भावकीची आहे. तुम्ही म्हणालात डूडेम म्हणजे कोण कुणाचा आणि कुणासाठी काय करायचं. मग मला सांगा, पाटीवर 'पारंपरिक' लिहिलेल्या दहा अस्वलांपेक्षा इथे डूडेमचं काम जास्त होतं की नाही? रिबेका बेलमोर यांनी १९९१ मध्ये, ओका इथे मोहॉकांच्या जमिनीवरून झालेल्या संघर्षानंतर, लाकडाचा प्रचंड भोंगा केला आणि तो वस्त्यावस्त्यांत नेऊन लोकांना त्यातून जमिनीशी बोलायला लावलं. तिथेही प्राणी नाही.

शंकेखोर : हे मला पटतं, आणि म्हणूनच माझी शंका आणखी टोकदार होते. तुम्ही स्वतःच दाखवलंत की जिथे चिन्ह नाही तिथे चिन्हाचं काम चालू आहे. मग चिन्ह असलेल्या चित्रांनी काय करायचं? बॉनी डेव्हाइन यांनी २०१४ मध्ये ओंटारिओच्या कलादालनात भिंतीवरच्या अप्पर आणि लोअर कॅनडाच्या नकाशाला आपल्या रंगांनी घेरलं आणि पाच महासरोवरांना प्राण्यांचं रूप दिलं. 'बॅटल फॉर द वुडलँड्स'. जबरदस्त काम. पण ती भिंत दालनाची आहे. उद्या दालनाने वरून चुना फासला तर डेव्हाइन यांच्यापलीकडे कोण जाब विचारेल? अर्जावरचा क्रौंच पुसला असता तर सहा कुळप्राणी आणि त्यांच्यामागची माणसं उठली असती.

रसिक : सर्पंट रिव्हरची माणसं उठतील, असं मला वाटतं, डेव्हाइन तिथल्याच. त्यांच्या वस्तीजवळच्या युरेनियमच्या खाणींवर त्यांनी याआधी काम केलं आहे, तिथल्या लोकांना ते ठाऊक आहे. पण मी पैज लावणार नाही. तुम्ही अधिकाराचा मुद्दा मघाशी काढलात आणि मी खिशात ठेवला, तो आता बाहेर काढते. अधिकार कुणाला विचारायचा? कुळाला. कुळ एकमताने बोलतं का? नाही. मॉरिसोंवर रागावलेले वडीलधारे होते आणि त्यांच्या मागे चालणारी तरुण पोरंही होती, दोघंही आतलेच. १९७३ मध्ये विनिपेगला डॅफ्नी ओजिग यांच्या पुढाकाराने सात चित्रकारांची संस्था निघाली, तिच्यात मॉरिसो होते, ओडावा-पोटावाटोमी ओजिग होत्या आणि चिपेवाईन वंशाचे अ‍ॅलेक्स जानविएही होते. त्यांच्यातही कुणी कुणाचं ऐकलं नसेल! तुम्हाला हवं असलेलं एक काळीज त्या भूर्जपत्रावरही सहज आलं नसणार, ते जुळवायला कित्येक रात्री गेल्या असतील.

शंकेखोर : मग निदान पाटी तरी बदला. 'पारंपरिक कुळचिन्ह' काढून टाका. कुठल्या कुळाचं, चित्रकाराचं त्याच्याशी नातं काय, कुणाला विचारलं, कोण नाही म्हणालं, एवढं लिहा. नाही लिहिता आलं तर चित्र उतरवा.

रसिक : ज्यांना विचारलं त्यांनी आपलं नाव भिंतीवर लावू नका म्हटलं तर? तांब्याचा पत्रा पुरून ठेवणाऱ्यांची नातवंडं आहेत ती. तुम्ही त्यांच्याकडून पुन्हा एकदा परक्यासाठी कागदपत्रं मागता आहात. मी चित्र ठेवीन आणि पाटी उतरवीन.

शंकेखोर : पाटीशिवाय आलेला माणूस पुन्हा नक्षीच बघेल.

रसिक : बघू द्या. त्यातला एखादा बाहेर पडून विचारेल की हा क्रौंच कुणाचा, आणि मग त्याला सू सेंट मेरीपर्यंत जावं लागेल. तिथे त्याला उत्तर मिळेलच असं मी म्हणत नाही.

शंकेखोर : आणि जो विचारणारच नाही, आणि चित्र विकत घेऊन दिवाणखान्यात लावेल?

रसिक : त्याच्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मॉरिसोंकडेही नव्हतं, आणि त्यांनी तरी विकायचं थांबवलं नाही.